काटा दुरुस्ती विभागाची समरसता

आमच्या खात्यात शून्य ही मानाची गोष्ट आहे, हे आधी सांगितलं पाहिजे. नाहीतर पुढे जे झालं त्यात मी मूर्ख ठरलो असा तुमचा समज होईल. मूर्ख ठरलोच, पण तेवढा नाही.

आमची कंपनी वजनकाटे बनवते. गोदामातल्या पोत्यांच्या काट्यापासून सोनाराच्या काचेच्या पेटीतल्या काट्यापर्यंत सगळे. विकलेले काटे बिघडले की ते आमच्याकडे, काटा दुरुस्ती विभागात येतात. आम्ही सहा जण. काटा उघडायचा, साफ करायचा, दुरुस्त करायचा, मग त्यावर प्रमाण वजनं ठेवून तो किती चुकतो ते बघायचं आणि तक्त्यात 'त्रुटी' या रकान्यात आकडा लिहायचा. पाच लिहिलं की काटा परत उघडा. दोन लिहिलं तरी साहेबांच्या कपाळाला आठ्या. शून्य लिहिलं की काटा पास, आणि माणूसही पास. मी एकतीस वर्षं शून्य लिहिण्यासाठी झटतोय.

माझ्याकडे सोनारांचे आणि औषधवाल्यांचे नाजूक काटे. टेबल शेवटच्या खोलीत, दार बंद, पंखा बंद. वजन हाताने उचलायचं नाही, चिमट्यानेच, कारण बोटाचा तेलकटपणाही त्या काट्याला कळतो. शेजारी उभं राहून कुणी जरा मोठा श्वास सोडला तरी आकडा हलतो. त्यामुळे माझ्या खोलीत सहसा कुणी येत नाही, आणि आलंच तर बोलत नाही.

मागच्या वर्षी माझी बायको गेली. तेव्हापासून त्या खोलीतले आठ तास मला बरे जातात आणि बाकीचे सोळा जात नाहीत. आकडा शून्यावर थांबतोय का हे बघत असताना दुसरं काही आठवत नाही, एवढंच त्याचं कारण. ते टेबल निवृत्तीपर्यंतची चार वर्षं आपल्याकडे राहावं, इतकीच माझी मागणी होती. तीही मी कुणाकडे केली नव्हती.

तर कंपनीत 'समरसता मोहीम' आली. कर्मचारी आपल्या कामात किती रमलेत हे मोजायला एक बाई नेमल्या. वय तिशीच्या आतबाहेर, चालणं झपाझप, गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी. आम्ही त्यांना समरसताबाई म्हणू लागलो. मी पहिल्याच दिवशी म्हणालो, "मोजणार म्हणजे प्रमाण वजन कुठलं ठेवणार?" कुणी हसलं नाही. माझ्या विनोदांना हसणारं माणूस घरी असायचं.

फॉर्म चार पानांचा. बावीस विधानं, प्रत्येकापुढे एक चौकोन, त्यात शून्य ते पाच यांपैकी एक अंक लिहायचा. नाव लिहायचं नव्हतं, कारण सगळं गोपनीय होतं. फक्त विभाग, वय, नोकरीची वर्षं आणि वैवाहिक स्थिती.

आमच्यातला लंबू, जो दारातून वाकून येतो, त्याने विचारलं, "काका, चांगलं कुठलं? शून्य की पाच?"

"किती वर्षं झाली रे तुला इथे?"

"नऊ."

"नऊ वर्षांत पाच कधी चांगलं बघितलंस?"

तो ओशाळला. बाकीच्या चौघांनीही मान खाली घालून लिहायला घेतलं. खात्यातला सगळ्यात जुना माणूस म्हणून मला जो काही मान आहे तो अशा प्रसंगी कामी येतो.

'सकाळी कामावर यावंसं वाटतं.' शून्य. अगदी मनापासून. 'माझं काम महत्त्वाचं आहे.' शून्य, आणि खाली रेघसुद्धा मारली. असं करत सतराव्या विधानाशी आलो. 'माझ्या करिअरची जबाबदारी मी स्वतः घेतो.' इथे माझं पेन अडलं.

खोटं कशाला लिहू? या नोकरीची जाहिरात बायकोने कापून ठेवली होती. अर्ज तिने लिहिला, मी फक्त सही केली, आणि तीही आधी दोनदा गिरवून घेतली तिने. पंधरा वर्षांपूर्वी मला विभागप्रमुख करण्याचं पत्र आलं, ते तिने भाजी चिरता चिरता वाचलं आणि म्हणाली, "सहा माणसं सांभाळायची? अहो, तुम्हाला घरातली दोन सांभाळता येत नाहीत. नको म्हणून कळवा." मी कळवलं. ती खुर्ची आताच्या साहेबांना मिळाली. माझं करिअर म्हणतात ते हे. यात माझा हात म्हणाल तर सहीपुरता.

मी पाच लिहिलं. इतकी मोठी त्रुटी मी उभ्या आयुष्यात कुठल्याही काट्यापुढे लिहिली नव्हती. पण फॉर्ममध्ये 'प्रामाणिकपणे लिहा' असं ठळक अक्षरात होतं.

महिन्याभराने फलकावर रंगीत आलेख लागला. हिशेब विभाग चार. रंगकाम साडेतीन. गेटवरचे पहारेकरी, जे दिवसभर गेटकडे पाठ करून बसतात, ते चार पूर्णांक दोन. आमच्या विभागाच्या जागी कागद कोरा दिसत होता. चष्मा पुसून बघितल्यावर तळाला चिकटलेली एक लाल रेघ दिसली.

दुसऱ्या दिवशी समरसताबाईंनी मला त्यांच्या काचेच्या खोलीत बोलावलं.

"काका, आधीच सांगते. फॉर्म पूर्ण गोपनीय आहेत. कुणी काय लिहिलं हे आम्हाला कळत नाही."

"बरं."

"पण समजा तुमच्या विभागात एक चौपन्न वर्षांचे, एकतीस वर्षं नोकरी झालेले, विधुर असे कुणी असतील..."

"आहेत."

"तर त्यांनी एकवीस ठिकाणी शून्य दिलंय आणि एकाच ठिकाणी पाच."

मी त्यांना शून्याचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग चौथं पान काढून दाखवलं. तिथे, 'आपल्या सहकार्याबद्दल आभार' याच्याही खाली, मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं: पाच म्हणजे पूर्ण सहमत.

"मग दुरुस्त करून देतो की आत्ता."

"दुरुस्तीसाठी अर्ज आहे. त्यात फॉर्मचा क्रमांक लिहावा लागतो."

"द्या क्रमांक."

"तो गोपनीय असतो."

मी थोडा वेळ त्यांच्या टेबलावरच्या रोपट्याकडे बघत बसलो. ते प्लास्टिकचं होतं. बाई मात्र मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि आपली खरी अडचण सांगितली. त्यांच्या अभ्यासानुसार जो माणूस स्वतःच्या करिअरकडे स्वतः लक्ष देतो, तो कामातही जास्त रमतो. नऊशे फॉर्मांमध्ये हे स्वच्छ दिसत होतं. वरच्या लोकांपुढे त्यांनी तसं मांडलंही होतं, भिंतीवर लावायला तक्ते छापायला गेले होते. फक्त एक फॉर्म आडवा येत होता.

"तो उलटा वाचा," मी म्हणालो.

"उलटा वाचला तरी तेच. सरळ वाचलं तर तुम्हाला काम अजिबात आवडत नाही पण करिअरकडे पूर्ण लक्ष आहे. उलटं वाचलं तर काम फार आवडतं आणि करिअरकडे काडीचं लक्ष नाही. काका, दोन्हीकडून तुम्ही माझ्या विरुद्धच जाता."

मी माफी मागितली. कशाबद्दल ते नीट कळलं नाही, पण मागितली.

"शिवाय," त्या हळूच म्हणाल्या, "काम नावडतं आणि करिअरकडे लक्ष असणाऱ्याला कॉम्प्युटर 'जाण्याच्या तयारीत' असं नाव देतो. ते साहेबांना कळवलं गेलंय. आपोआप जातं ते."

संध्याकाळी घरी आलो तर वरच्या मजल्यावरचे हेडक्लार्क जिन्यातच भेटले. हे पस्तीस वर्षं सरकारी नोकरी करून निवृत्त झालेत आणि आता आमच्या इमारतीत सल्ला देण्याची नोकरी करतात. माझी बायको गेल्यापासून मी त्यांच्या खास देखरेखीखाली आहे.

"लेखी खुलासा द्या," ते म्हणाले. "पण खुलाशात काही कबूल करू नका."

"मग लिहू काय?"

"विषय आणि संदर्भ लिहा. मधे मोघम ठेवा. खाली सही."

त्यांच्या पत्नी मागून म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही कशाला घाबरताय? जाणार म्हटल्यावर किंमत वाढते माणसाची. हे निवृत्त झाले तेव्हा ऑफिसात सगळे रडले."

"कोण रडलं?" हेडक्लार्कनी विचारलं.

"तुम्ही."

माझं जेवण होतं न होतं तोच ताईचा फोन. माझी ही थोरली बहीण दुसऱ्या गावात राहते, पण माझ्या बातम्या तिला माझ्याआधी कळतात. हेडक्लार्कांच्या बायकोकडे तिचा नंबर आहे. "नोकरी सोडून चाललायस म्हणे. आणि मला सांगायचं नाही? ती असती तर तिने सांगितलं असतं."

"ती असती तर मी चाललो नसतो, ताई. म्हणजे आताही चाललो नाहीये."

"बघ, तुझं तुलाच धड माहीत नाही."

आठवड्याभरात समोरच्या वसाहतीतल्या दुसऱ्या काटेवाल्या कंपनीच्या मालकाचा फोन आला. ऐकलंय तुम्ही सोडताय. मी म्हणालो, नाही हो. ते समजूतदारपणे म्हणाले, सगळे आधी असंच म्हणतात.

साहेबांनी मात्र मला उभ्याउभ्याच सांगितलं. "तुम्ही जाणार, याचं मला वाईट वाटलं नाही. मला आधी सांगितलं नाहीत याचं वाटलं. उद्यापासून लंबू तुमच्या टेबलावर बसून शिकेल. तुम्ही शेजारी स्टूल घ्या."

मी जाणार नाही असं तीनदा सांगितलं. पण कॉम्प्युटरने एकदा सांगितलं होतं.

मग स्टूलवर बसलो. लंबू चांगला कारागीर आहे, पण देवाने त्याला ज्या उंचीवर नाक दिलंय तिथून त्याचा श्वास नेमका पारड्यावर पडतो. तो आकडा वाचायला वाकला की काटा हलायचा, तो थांबावा म्हणून लंबू श्वास रोखायचा, आणि शेवटी रोखलेला सगळा एकदम सोडायचा. दिवसाला माझे पाच काटे व्हायचे, त्याचा एक होईना.

"काका, मला इथून काढा," तो कुजबुजत म्हणायचा.

"मलाच काढतायत रे."

यावर हेडक्लार्कनी उपाय सुचवला. जाणार नाही हे सिद्ध करायचं असेल तर इथेच पुढे काय करणार ते लिहून द्या. योगायोगाने समरसताबाईंनीही मला एक कागद दिला होता, 'माझी पंचवार्षिक करिअर योजना'. पाच वर्षांचे पाच चौकोन. मी पहिल्या चारांत 'काटे दुरुस्ती' लिहिलं आणि पाचव्यात 'घरी'. बाईंनी तो परत केला. यात प्रगती दिसत नाही म्हणाल्या, आणि पाचवा चौकोन वाचून त्यांना कसंतरी झालं.

"आणा इकडे," हेडक्लार्क म्हणाले. त्यांनी चष्मा लावला, पेनाला झटका दिला आणि तासाभरात माझं आयुष्य सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. पहिल्या वर्षी कौशल्यवृद्धी. दुसऱ्या वर्षी पर्यवेक्षण. तिसऱ्या वर्षी विभागप्रमुख. पाचव्या वर्षी, म्हणजे मी निवृत्त झाल्यावर वर्षभराने, महाव्यवस्थापक. मी हरकत घेतली. "मागताना कमी मागू नये," ते म्हणाले. "कापायला वरचे बसलेतच." मला त्यांचा उत्साह मोडवेना. बिचाऱ्यांना बऱ्याच दिवसांनी खरा कागद मिळाला होता.

मला हे माहीत नव्हतं की योजनेची प्रत साहेबांकडे जाते.

"तिसऱ्या वर्षी विभागप्रमुख," साहेबांनी वाचून दाखवलं. "म्हणजे माझं काय करायचं ठरवलंय?"

"ते हेडक्लार्कनी लिहिलंय."

"कोण हेडक्लार्क?"

"आमच्या वरच्या मजल्यावरचे."

साहेबांनी योजनेचा कागद दुमडून बाजूला ठेवला. इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण सहा आठवडे स्टूलवर बसलेला माणूस फार काळ गप्प बसू शकत नाही. मी म्हणालो, "साहेब, तुमची खुर्ची मला नको. पंधरा वर्षांपूर्वी मिळत होती तेव्हाच नाकारली मी."

हे त्यांना माहीत नव्हतं. आपण दुसऱ्या नंबरचे होतो ही बातमी कुणाला पंधरा वर्षांनी, ती पण स्टूलवरच्या माणसाकडून, मिळू नये. दुसऱ्याच दिवशी शेवटच्या खोलीची किल्ली लंबूकडे गेली आणि मला पूर्ण वेळ काचेच्या खोलीत पाठवलं. पदाचं नाव 'समरसता मित्र'. छातीवर बिल्ला. चाकांची खुर्ची, जी मी बसलो की आपोआप भिंतीकडे निघायची.

तिथे माझं काम एकच. प्रत्येक विभागाला अर्धा दिवस बसवायचं आणि एका कागदावरून वाचायचं की तुमचं करिअर तुमच्या हातात आहे, दुसरं कुणी तुमच्यासाठी ते करणार नाही. मी ते निर्विकार चेहऱ्याने वाचत असे. वाचताना मला सहीची गिरवलेली अक्षरं डोळ्यांपुढे दिसायची. काचेच्या खोलीत आठवण यायला भरपूर वेळ होता. आता माझे चोवीसही तास सारखेच झाले होते. दुपारी तीनला मी घड्याळ बघायचो, मग बराच वेळ दुसरीकडे बघायचो, आणि परत बघितलं की तीन वाजून चार मिनिटं झालेली असायची.

आमच्या विभागाची पाळी आली तेव्हा लंबू पहिल्या रांगेत गुडघे दुमडून बसला होता. शेवटी त्याने हात वर केला.

"काका, खरंच स्वतःचं स्वतः बघायचं?"

"कागदावर तरी तसंच आहे."

"आणि कंपनीला ते आवडतं?"

"फार आवडतं."

त्याने मान डोलावली. तीन आठवड्यांनी तो समोरच्या वसाहतीतल्या कंपनीत गेला. त्याचा राजीनामा वाचून साहेब म्हणाले, हा तर किती रमला होता. दुसऱ्या तपासणीचे फॉर्म नुकतेच भरून झाले होते आणि या वेळी चौथं पान आधी वाचून आमच्या विभागाने रांगेने पाच लिहिले होते, लंबूनेसुद्धा. मीही लिहिले. 'माझं काम महत्त्वाचं आहे', पाच. चाकांच्या खुर्चीला पायाने अडवून लिहिले. शून्यावरून थेट पाचवर गेलेला विभाग कंपनीच्या इतिहासात दुसरा नव्हता. सगळ्यांसमोर मला बोलावून चौकटीतलं प्रमाणपत्र दिलं. टाळ्या झाल्या. त्या दिवसापर्यंत मी अडीच महिने एकाही काट्याला हात लावलेला नव्हता.

शेवटची खोली बंद पडली होती. नाजूक काटे साठत गेले, सोनारांचे फोन येऊ लागले, आणि मग ते काटे बाहेर दुरुस्तीला पाठवायचं ठरलं. कुठे, तर समोरच्या वसाहतीतल्या कंपनीत. म्हणजे लंबूकडे.

मी समरसताबाईंकडे गेलो. "मला माझं टेबल परत पाहिजे."

"काका, आता कसं? तुमची नेमणूक वरची झालीये. मागे जायचा रकानाच नाही फॉर्ममध्ये."

"रकाना राहू द्या. किल्ली द्या."

"पण का? इथे तुम्हाला त्रास आहे का काही?"

मी सांगून टाकलं. घरी कुणी नाही. त्या टेबलाशी मला ते आठवत नाही. इथे आठवतं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता काहीतरी होईल. काचेपलीकडून माणसं जात होती, आणि बाई दाराकडे बघून हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला खरं सांगते, कुणाला सांगू नका. पुढच्या महिन्यात मी दुसरीकडे जातेय. मोठ्या जागेवर. तुमच्या विभागाचा आलेख मी अर्जाला जोडला होता. तुम्ही आत्ता मागे गेलात तर तो खाली येईल. एक महिना थांबा ना, काका."

"मग नंतर मिळेल?"

"नंतरच्यांना विचारावं लागेल."

माझ्या फॉर्मवर कधीकाळी 'जाण्याच्या तयारीत' लिहिलं होतं, ते त्या बाईंच्या बाबतीत कॉम्प्युटरला कसं दिसलं नाही, हे विचारायचं राहून गेलं.

रविवारी दुपारी लंबूचा फोन आला. पहिलं मिनिटभर नुसता श्वासच ऐकू आला.

"काका, जमत नाहीये. तुमच्याच कंपनीचे बावीस काटे आलेत इथे. माझ्याकडून दिवसाला एक होतो. मालक विचारतायत तुम्हाला."

"मला पद वगैरे नको."

"पद नाहीच इथे. खोली आहे एक, जिन्याखाली. माझं डोकं लागतं छताला."

"दार नीट लागतं?"

"लागतं."

"पंखा?"

"काढूनच टाकलाय. मीच सांगितलं."

फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. अशा वेळी इतकी वर्षं मी तिथेच जाऊन उभा राहायचो. थोडा वेळ उभा राहिलो. मग टेबलाशी बसून राजीनामा लिहायला घेतला. पहिला मसुदा रजेच्या अर्जासारखा झाला. दुसऱ्यात दोनदा 'कृपया' आलं. हेडक्लार्कना दाखवायचा मोह झाला होता, पण त्यांनी त्यात महाव्यवस्थापक घातला असता. तिसरा जमला. चार ओळी झाल्या आणि सही एका दमात आली.

सोमवारी तो घेऊन कंपनीच्या कचेरीत गेलो. खिडकीमागच्या कारकुनाने वाचला, माझ्याकडे बघितलं, परत वाचला.

"काका, तुम्हाला तर परवा प्रमाणपत्र दिलं ना?"

"दिलं."

"मग सोडताय कशाला? कारण टाकावं लागतं."

"काम करायचंय."

त्याने कॉम्प्युटरमध्ये खालीवर शोधलं. "हे नाहीये यात. अधिक पगार आहे, बढती आहे, प्रकृती आहे, कौटुंबिक आहे. कौटुंबिक टाकू?"

"टाका," मी म्हणालो. "तेही खरंच आहे."